मराठवाड्याच्या हवेत गादी-पलंगाची निगा

गादी उन्हात टाकण्यापूर्वी तिच्या पोटात काय भरले आहे, हे पाहून घ्यावे. आमच्या घरी चैत्र लागला की सगळे अंथरूण गच्चीवर काढण्याची रीत आजीच्या वेळेपासून होती आणि त्याच रीतीने नवी आणलेली फोमची गादीही आम्ही सलग दोन उन्हाळे दिवसदिवसभर तापत ठेवली. दुसऱ्या वर्षी तिची खोळ काढली, तेव्हा वरचा थर पिवळा पडलेला होता आणि बोटाने चोळला की रव्यासारखा गळत होता. कापसाच्या गादीला जे ऊन पिढ्यान्‌पिढ्या मानवले, तेच ऊन या गादीला बाधले.

त्याचे कारण साधे आहे. पॉलियुरेथेन फोम हा प्लास्टिकच्या कुळातील पदार्थ असून सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात. आधी रंग पिवळसर होतो, मग लवचीकपणा जातो आणि शेवटी भुगा होतो. रबराच्या चिकापासून केलेले लेटेक्सही ऊन आणि हवेतील प्राणवायू यांच्यामुळे कडक व ठिसूळ होते. कापूस मात्र हवेतील पाणी ओढून धरणारा तंतू आहे. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असताना तो आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी स्वतःत सामावून घेतो, म्हणजे १० किलो कापसाच्या गादीत, हाताला कोठेही ओल लागत नसतानाही, पाऊण लिटरहून अधिक पाणी असू शकते. श्रावण-भाद्रपदात हवा याहूनही दमट असते आणि त्यात झोपेतल्या घामाची भर पडते. म्हणून गादी कोरडी ठेवणे हे सगळ्या निगेचे मूळ खरे, पण कोरडी करण्याची रीत गादीच्या भरावाप्रमाणे बदलावी लागते.

भराव ओळखणे अवघड नाही. कापसाची गादी वजनाला जड असते, तिच्यावर आरपार टाके घातलेले असतात आणि जुनी झाली की हाताला गोळे लागतात. काथ्याची, म्हणजे बाजारात जिला कॉयर म्हणतात ती, ताठ असते आणि मुठीने दाबली तरी फारशी दबत नाही. साधा फोम हलका असून दाब काढताच उसळून वर येतो. मेमरी फोमवर मात्र तळव्याचा ठसा काही क्षण तसाच राहतो. लेटेक्स जड आणि उसळते असते व त्यात सुईने टोचल्यासारखी भोके आरपार दिसतात. स्प्रिंगची गादी कडेवर बसून हलवली की आतला झोका कळतो. चेन असेल तर ती उघडून पाहावी. अनेक गाद्यांत खाली काथ्या आणि वर फोम असे थर असतात. अशा वेळी ज्या थराला ऊन सोसत नाही त्याचा नियम संपूर्ण गादीला लावावा.

कापसाची गादी

कापूस पिकवणाऱ्या आपल्या मुलखात वेचणीच्या दिवसांत घरासाठी थोडा कापूस बाजूला काढायचा, जिनिंगवर त्याची सरकी वेगळी करून घ्यायची आणि उन्हाळ्यात गादी भरायची, ही पद्धत खेड्यांत अजून दिसते. गादीसाठी मात्र सगळा कापूस सारखा नसतो. आखूड, जाड आणि खरबरीत धाग्याच्या देशी कापसाला सूतगिरणीत मान कमी असला, तरी गादीला तोच चांगला, कारण त्याचे जाड तंतू दाबाखाली लवकर सपाट होत नाहीत. आज शेतांत बहुतेक करून बीटी संकरित वाण आहेत. त्यांचा धागा लांब, बारीक आणि मऊ असल्याने त्यांची गादी पहिल्या महिन्यात फार सुखाची वाटते, पण देशी कापसाच्या गादीपेक्षा लवकर बसते. देशी कापूस मिळत असेल तर दोन पैसे जास्त देऊनही तो घ्यावा, असे माझे मत आहे. बाजारातून तयार गादी घेताना कडेची शिवण थोडी उसवून मूठभर कापूस बाहेर ओढून पाहावा. त्यात रंगीत चिंध्यांचे तुकडे दिसले किंवा झटकताच बारीक भुसा उडाला, तर तो टाकाऊ माल आहे असे समजावे. सरकीचे तुकडे असतील तरी गादी नाकारावी, कारण सरकीच्या तेलाचे डाग कापडावर येतात आणि त्या वासाने उंदीर गादी कुरतडतात.

ऊन देण्याची रीत अशी आहे. हिवाळा-उन्हाळ्यात साधारण पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी दहाच्या सुमारास गादी बाहेर काढावी. ती जमिनीवर किंवा ताडपत्रीवर पसरू नये, तर बाजेवर टाकावी, म्हणजे खालूनही वारा लागतो आणि गादीतून निघालेली वाफ खाली अडकत नाही. दुपारी एकदा पालटावी. चारच्या सुमारास सपाट काठीने किंवा हाताने दोन्ही बाजूंनी हलके थापटून धूळ काढावी. चवताळून झोडपल्याने तंतू तुटतात आणि टाक्यांची भोके मोठी होतात. दिवस मावळण्यापूर्वी गादी घरात आणावी, कारण रात्री हवा गार होताच तिच्यातील आर्द्रता वाढते आणि दिवसभर वाळवलेला कापूस ती पुन्हा ओढू लागतो. आत आणल्यावर लगेच चादर न घालता अर्धा तास निवू द्यावी.

दोन-तीन वर्षांत कितीही ऊन दिले तरी कापूस दडस होतो. कमरेखाली खड्डा आणि कडांना गोळे, अशी गादी पिंजून घेण्यावाचून उपाय नाही. पूर्वी पिंजारी, ज्यांना आपल्याकडे नदाफही म्हणतात, खांद्यावर धनुकली घेऊन गल्लीत यायचे आणि तिच्या तातीचा टणत्कार ऐकू आला की बायका गाद्या अंगणात काढायच्या. आता बहुतेक ठिकाणी मोटारीवरचे यंत्र आहे. पिंजण्याचा काळ होळीपासून मृग लागेपर्यंतचा धरावा. पावसाळ्यात ओल धरलेला कापूस नीट सुटा होत नाही आणि तशाच अवस्थेत भरला तर आत कुजका वास धरतो.

पिंजायला देण्यापूर्वी गादी वजन करून द्यावी व पिंजल्यावर कापूस पुन्हा तोलून घ्यावा. धूळ आणि तुटलेले बारीक तंतू गळून गेल्यामुळे वजन थोडे घटणारच. ती घट आणि वर आणखी एक-दोन किलो नवा कापूस मिसळला, तर गादी पुन्हा भरीव होते. यंत्रातून कापूस एकदाच काढावा, कारण पुन्हा पुन्हा घातल्याने तंतू आणखी आखूड होतात आणि अशी गादी वर्षभरातच बसते. खोळीचे कापड दाट विणीचे घ्यावे, धुऊन आटवून मगच शिवावे. टाके साधारण एकेक वितीच्या अंतरावर असावेत आणि प्रत्येक टाक्याची गाठ दोन्ही बाजूंनी पक्की असावी. टाके विरळ असले की कापूस सरकतो आणि मधे पोकळी पडते. कडेला उभी शिवण घालून कड ताठ करून मागावी, कारण माणूस सर्वाधिक वेळा कडेवरच बसतो.

पिंजताना उडणारा कापसाचा धुरळा फुप्फुसांना घातक आहे. वर्षानुवर्षे त्या धुळीत काम करणाऱ्यांना होणाऱ्या श्वसनविकाराला बिसिनोसिस असे स्वतंत्र नावच आहे. म्हणून हे काम बंद खोलीत करवून घेऊ नये, मोकळ्या जागेत करावे, घरातील लहान मुले व दम्याचे रुग्ण यांना दूर ठेवावे आणि पिंजणाऱ्या माणसालाही नाकावर बांधायला स्वच्छ कापड व वाऱ्याची जागा द्यावी.

उशीसाठी काटेसावरीचा कापूस उत्तम. अजिंठा आणि बालाघाटाच्या डोंगरांत उन्हाळ्यात सावरीची बोंडे फुटतात, त्यांतील रेशमासारखा तंतू आतून पोकळ असल्याने फार हलका असतो. तो गुळगुळीत असल्यामुळे साध्या कापसासारखा पिंजता येत नाही, म्हणून या उशा कधीही पाण्यात बुडवू नयेत. अभ्रा धुवावा आणि उशीला फक्त ऊन द्यावे. डोक्याला खोबरेल तेल लावून झोपण्याची सवय असेल, तर एकावर एक दोन अभ्रे घालावेत. तेल आत उतरले की कापूस चिकटून गोळे होतो आणि त्याला खवट वास येतो, जो नंतर कशानेही जात नाही.

फोम, काथ्या आणि स्प्रिंग

या गाद्यांना सावलीतला वारा द्यायचा, ऊन नाही. आठवड्यातून एकदा सकाळी चादर काढून, खिडकी उघडून, पंखा सुरू ठेवून गादी दोन-तीन तास तशीच उघडी राहू द्यावी. महिन्यातून एकदा ती भिंतीला टेकवून उभी करावी. उठल्याबरोबर अंथरुणाची घडी करून वर पलंगपोस घालण्याची शिस्त चांगली वाटते, परंतु अंगाची ऊब आणि घाम अजून गादीत असतो. तोंड धुऊन चहा होईपर्यंत अंथरूण उघडे ठेवणे अधिक हिताचे.

नवी गादी आली की तिच्यावरचा पॉलिथिनचा कागद काढून टाकावा. गादी मळू नये म्हणून तो वर्षभर तसाच ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. त्या कागदाखाली घाम अडकतो, गादी आतून ओलसर राहते आणि बुरशीचे काळे ठिपके उमटतात. मळण्याची भीती असेल तर सुती संरक्षक खोळ घालावी, जी काढून धुता येते.

पहिले सहा महिने दर महिन्याला आणि पुढे दर तीन महिन्यांनी गादीची डोक्याकडची बाजू पायाकडे करावी, म्हणजे कमरेचा भार एकाच जागी पडत नाही. खालची बाजू वर करायची की नाही, हे मात्र गादीच्या रचनेवर आहे. दोन्ही बाजू सारख्या असतील तरच ती पालटावी, वर मऊ थर शिवलेली गादी उलटी टाकली तर तो थर दबून वाया जातो. फोम विकत घेताना दुकानदार ‘३२ डेन्सिटी’, ‘४० डेन्सिटी’ असे आकडे सांगतो. ते फोमच्या कडकपणाचे माप नव्हे. एक घनमीटर फोमचे वजन किती किलो, एवढाच त्याचा अर्थ आहे. घनता जास्त तर फोम सहसा जास्त वर्षे टिकतो. मेमरी फोम उष्णतेने मऊ होतो, हा त्याचा गुणच आहे. परंतु वैशाखात, रात्रीही भिंती तापलेल्या असताना, तो अति मऊ होऊन अंगाला वेढतो आणि ऊब धरून ठेवतो. वातानुकूलन नसलेल्या खोलीत मी तरी तो घेणार नाही.

पाठ दुखत असेल तर फळीवर झोपावे, असा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. स्पेनमध्ये कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर झालेल्या आणि २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र, अगदी कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना अधिक आराम पडल्याचे आढळले. म्हणून गादी इतकी ताठ असावी की कंबर खचणार नाही आणि इतकी मऊ असावी की कुशीवर झोपल्यावर खांदा व कंबरेचे हाड रुतून दुखणार नाही.

पलंग, कॉट आणि बाज

गादीखालचा आधार वाकला असेल तर गादीची कितीही निगा राखून उपयोग होत नाही. गादी काढून पलंगाच्या फळीवर आडवी दोरी ताणून धरावी. मधे बोटभर फट दिसली तर फळी वाकली आहे आणि तिच्याखाली मधोमध आडवा आधार व पाय द्यायला हवा. फळीच्या जागी लाकडी पट्ट्या असतील तर दोन पट्ट्यांमधील अंतर तीन इंचांहून अधिक नसावे, नाहीतर फोम त्या फटींत उतरतो. सलग प्लायवूड असेल तर सुताराकडून त्याला वीत-वीत अंतरावर भोके पाडून घ्यावीत. पेटीच्या पलंगात हे अधिकच गरजेचे आहे, कारण तेथे खालून वारा येण्याची वाटच नसते.

आपल्याकडे चैत्र-वैशाखात हवा इतकी कोरडी होते की लाकडातील ओलावा निघून ते आकसते आणि सांधे सैल पडून पलंग करकरू लागतो. पुढे पावसाळ्यात तेच लाकूड फुगते. म्हणून मे महिन्यात बोल्ट पान्याने आवळताना ते बेताने आवळावेत, करकर थांबेल इतकेच, आणि दसऱ्याच्या सुमारास पुन्हा एकदा पाहावेत. उन्हाळ्यात ताकद लावून घट्ट केलेले स्क्रू पावसाळ्यात फुगणाऱ्या लाकडाला चीर पाडतात. सांध्याखाली बारीक पिठासारखा भुसा पडलेला दिसला तर घुण लागला आहे, आणि पायाला मातीची नळी चढलेली दिसली तर वाळवी आहे. घुणाचा भुसा दिसताच पलंग इतर लाकडी सामानापासून वेगळा करावा. वाळवीसाठी मात्र नुसता पलंग हलवून भागत नाही, जमिनीवर व भिंतीत उपाय करावा लागतो. लोखंडी कॉटचा गंज पावसाळ्यापूर्वी पॉलिशच्या कागदाने खरवडून प्रायमर व रंग लावावा, कारण गंजाचे डाग गादीच्या खोळीवरून जात नाहीत.

बाज अनेक घरांतून गेली, याचे मला वाईट वाटते. सुंभाची किंवा नवारीची बाज खालून पूर्ण वारा घेणारी असून उन्हाळ्यात तिच्यासारखे सुख नाही. ती झोळीसारखी खचू लागली की पायथ्याकडची ताणाची दोरी सोडून पुन्हा ओढून बांधावी. झोपल्यावर पाठ चार बोटांहून खाली जाता कामा नये. नवार सैल झाली तर काढून, धुऊन, पूर्ण वाळवून ताणून विणावी. बाज पावसात भिजू देऊ नये, कारण सुंभ ओला-सुका होत राहिला की कुजून तुटतो.

माळवदाच्या घरात वरून माती गळत राहते. तेथे पलंगावर जुन्या लुगड्याचे किंवा मांजरपाटाचे छत ताणून बांधावे आणि महिन्याने ते काढून झटकावे. पलंग भिंतीपासून वीतभर दूर असावा, म्हणजे भिंतीची ओल गादीत येत नाही. विंचू-सापाच्या दृष्टीनेही हे अंतर बरे. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावली तरी दंशाच्या वेदना अनेकदा फार थोड्या असतात, म्हणून शेतवस्तीवर बाजेवर झोपून मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचणे हे केवळ डासांसाठीच करायचे काम नाही.

कूलर आणि पावसाळा

उन्हाळ्यात हवा कोरडी असली तरी गाद्या ओल्या होतात, आणि ती ओल कूलरची असते. कूलर पाण्याची वाफ करूनच हवा गार करतो. समोरची खिडकी बंद असेल तर ती सगळी आर्द्रता खोलीत आणि गादीत साठते. कूलर चालू असताना समोरच्या बाजूची खिडकी किंवा झरोका उघडा ठेवावा, झोत थेट गादीवर न सोडता तिच्यावरून जाऊ द्यावा आणि सकाळी कूलरची मोटार बंद करून नुसता पंखा अर्धा तास चालवावा. पाऊस सुरू झाला की कूलरने गारवा मिळत नाही, फक्त दमटपणा वाढतो. तेव्हा पाण्याची मोटार बंदच ठेवावी.

मृगाच्या आत सगळ्या गाद्या कोरड्या करून घ्याव्यात. पाहुण्यांसाठीच्या जादा गाद्या पूर्ण वाळवून, जुन्या धोतरात किंवा चादरीत गुंडाळून, जमिनीपासून उंच बाजेवर वा फळीवर ठेवाव्यात. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नयेत. ढीग असेल तर महिन्याला तळाची गादी वर आणावी. पावसाळ्यात जेव्हा उघडीप पडेल तेव्हा एक-दोन तासांचेही ऊन सोडू नये. कडुनिंबाचा पाला ठेवायचा असेल तर तो कुरकुरीत वाळलेला असावा, ओला पाला स्वतःच बुरशी आणतो. डांबराच्या गोळ्या तान्ह्या बाळाच्या अंथरुणात ठेवू नयेत. त्यांच्या वाफेने काही बाळांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटू शकतात.

घट बसण्यापूर्वी आपल्याकडे दसरा काढतात, घरातील एकूण एक गोधडी, वाकळ, चादर धुऊन निघते. या चालीची वेळ फार योग्य आहे. धुळीतले अतिसूक्ष्म किडे, ज्यांना डस्ट माइट म्हणतात, माणसाच्या कातडीच्या कोंड्यावर जगतात आणि त्यांना लागणारे पाणी हवेतूनच घेतात. म्हणून पावसाळ्यात ते वाढतात आणि हवा कोरडी पडली की घटतात. त्यांच्या विष्ठेने शिंका आणि दमा उसळतो. पाऊस सरताच गादीला ऊन-वारा दिला आणि अभ्रे-चादरी ६० अंश तापमानाच्या पाण्यात धुतल्या, तर हिवाळ्यातला त्रास बराच टळतो.

धुण्याचे पाणी आणि डाग

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा मुलखात ‘दर आठवड्याला सर्व अंथरूण धुवा’ हा सल्ला तसाच्या तसा देणे मला योग्य वाटत नाही. पाणी कमी असेल तर क्रम लावावा. पहिल्यांदा अभ्रे, कारण त्यांवर तेल, लाळ आणि घाम असतो. नंतर खालची चादर. मग गादीची खोळ. पांघरुणाला व गोधडीला दर आठवड्याला ऊन पुरते. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही व त्याचा पांढरा थर कापडात बसून चादरी खरखरीत होतात. अशा पाण्यात साबणाच्या वडीऐवजी पावडर वापरावी आणि शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालावे.

गादीवर काही सांडले तर चोळू नये, कोरड्या सुती कापडाने वरून दाबून टिपावे. रक्ताचा डाग नेहमी गार पाण्याने काढावा, गरम पाण्याने त्यातील प्रथिने गोठून डाग पक्का होतो. मुलाने गादी ओली केली असेल तर टिपून घेतल्यावर पाणी व व्हिनेगर सम प्रमाणात घेऊन फडक्याने पुसावे, वर खाण्याचा सोडा भुरभुरावा आणि चार-पाच तासांनी पूर्ण वाळल्यावर ब्रशने झाडावा. कापसाच्या गादीत मूत्र खोल उतरले असेल तर वरवरच्या उपायांत वेळ घालवू नये. तेवढी शिवण उसवून तो कापूस काढावा आणि मूठभर नवा भरावा. लहान मुलांच्या अंथरुणात मेणकापड घालावे, पण ते दिवसा काढून ठेवावे.

ढेकूण

ढेकूण होणे हे घाणेरडेपणाचे लक्षण नाही. लग्नकार्यात बिछायतीच्या गाद्यांतून, वसतिगृहातून, लातूर-संभाजीनगरला शिकायला राहिलेल्या मुलांच्या वळकटीतून किंवा प्रवासाच्या पिशवीतून ते स्वच्छ घरातही येतात. बाहेरून आलेले अंथरूण आधी अंगणात उघडून पाहावे. गादीच्या कडेची शिवण, टाक्यांचे खळगे, कॉटचे सांधे, सुंभाच्या गाठी आणि भिंतीच्या भेगा या त्यांच्या जागा. काळे बारीक ठिपके, टाकलेल्या कातीचे पापुद्रे आणि चादरीवरचे रक्ताचे थेंब या त्यांच्या खुणा.

नुसत्या उन्हाने जाड गादीतले ढेकूण मरत नाहीत. वरची बाजू तापली की ते गार बाजूला सरकतात आणि मधला कापूस तर तापतच नाही. ५० अंशांच्या वरची उष्णता त्यांच्या अंगाला प्रत्यक्ष लागली तरच ते व त्यांची अंडी लवकर मरतात. म्हणून बाजेच्या सुंभावर आणि लोखंडी कॉटच्या सांध्यांत उकळते पाणी ओतण्याची जुनी रीत खरोखर परिणामकारक आहे. चादरी, गोधड्या गरम पाण्यात भिजवाव्यात. गादीच्या शिवणी व्हॅक्युम क्लीनरने किंवा ताठ ब्रशने साफ करून, पडलेले सगळे गरम साबणाच्या पाण्यात टाकावे आणि गादीला बारीक चेनची, कोठेही फट नसलेली खोळ घालून ती वर्षभर उघडू नये. प्रौढ ढेकूण रक्ताशिवाय कित्येक महिने जगतो, त्यामुळे खोली महिनाभर बंद ठेवून काही साधत नाही. अंडी उबदार हवेत सहा ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून हे सगळे दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा, आणि शक्यतो तिसऱ्यांदाही करावे.

येथे एक गोष्ट फार कळकळीने सांगायची आहे. कापसावर फवारायचे औषध घरात असते म्हणून ते गादीवर, पलंगावर कधीही मारू नये. ते कातडीतून आणि श्वासातून अंगात जाते आणि गादीत मुरले की रात्रीमागून रात्री जात राहते. धान्याच्या किडीसाठी मिळणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर झोपण्याच्या खोलीत आणूच नयेत. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन हा जीवघेणा वायू सुटतो आणि तो शेजारच्या खोलीतल्या माणसांनाही मारू शकतो. रॉकेल ओतणेही आगीला आमंत्रण आहे. घरच्या उपायांनी आवरले नाही, तर परवानाधारक कीटकनियंत्रकाला बोलवावे.

आगीचेच निघाले म्हणून सांगतो. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवण्याची चाल अजून आहे. फोमच्या गादीखाली ती कधीही ठेवू नये, कारण फोम झपाट्याने पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. आणि दारे-खिडक्या बंद केलेल्या खोलीत तर गादी कोणतीही असो, निखाऱ्यांच्या कार्बन मोनॉक्साइडने माय-लेकरांचा जीव जाऊ शकतो. डासांची कॉइल पलंगाखाली आणि चार्जिंगला लावलेला मोबाइल उशीखाली ठेवू नये. कापसाच्या गादीवर ठिणगी पडली तर वरची आग विझली म्हणून निश्चिंत होऊ नये. कापूस आत तासन्‌तास धुमसत राहतो. गादी अंगणात नेऊन, फाडून, आतपर्यंत भिजवावी.

गादी बदलायची केव्हा, यासाठी पुन्हा तीच दोरी कामाला येते. गादीवर आडवी ताणल्यावर खड्डा दीड इंचाहून खोल भरला, किंवा रोज सकाळी कंबर धरलेली उठते आणि दुसरीकडे झोपल्यावर ती मोकळी असते, तर फोमच्या गादीचे दिवस भरले असे धरावे. तिच्यावर दुसरी पातळ गादी टाकल्याने खड्डा झाकतो, जात नाही. कापसाची गादी तीन-चार वेळा पिंजून झाल्यावर तंतू फार आखूड होतो आणि पिंजताना निम्मा भुसाच उडू लागतो. तो कापूस गादीत पुन्हा भरू नये. त्याचे लोड, तक्के, बाजेच्या उशाची वळी किंवा ट्रॅक्टरच्या बैठकीची गादी करता येते. पाळण्यातल्या दुपट्यात मात्र असा धूळ झालेला कापूस घालू नये. तेथे पातळ, सपाट, नव्या कापसाचीच गादी असावी.